मूत्राशयाचा कर्करोग, किरणोपचार आणि दर्शक प्रथिनांचा शोध : एक ऐतिहासिक आढावा (१८९५ ते २०२२)

गोषवारा

स्नायूच्या थरापर्यंत पोहोचलेल्या मूत्राशयाच्या कर्करोगावर दोन प्रमुख उपचार आहेत. एक म्हणजे मूत्राशय काढून टाकणारी शस्त्रक्रिया आणि दुसरा म्हणजे मूत्राशय राखून केलेला किरणोपचार. कोणत्या रुग्णाच्या गाठीला किरण मानवतील हे उपचारापूर्वीच कळावे, यासाठी गाठीतील प्रथिनांचा दर्शक म्हणून उपयोग करण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या अखेरीपासून झाले. प्रस्तुत निबंधात या प्रयत्नांचा कालानुक्रमे आढावा घेतला आहे. पी-५३ आणि एमआरई-११ या दोन प्रथिनांच्या इतिहासावर त्यात विशेष भर आहे. नव्या दर्शकाचा शोध लागणे आणि तो रुग्णाच्या उपयोगी पडणे यांत मापनाच्या विश्वासार्हतेचा मोठा टप्पा असतो आणि या क्षेत्रातील बहुतेक आशा त्याच टप्प्यावर अडखळल्या, असा निष्कर्ष येथे मांडला आहे.

बीजशब्द : मूत्राशयाचा कर्करोग, किरणोपचार, दर्शक प्रथिने, पी-५३, एमआरई-११, पडताळणी, विज्ञानाचा इतिहास.

प्रस्तावना

वैद्यकाचा इतिहास बहुधा यशाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. जंतूंचा शोध, लसींचा शोध, प्रतिजैविकांचा शोध अशा पायऱ्यांनी तो वर चढत जातो. परंतु ज्या प्रयत्नांची फलश्रुती अपेक्षेप्रमाणे झाली नाही, त्यांचा इतिहासही तितकाच बोधप्रद असतो. विज्ञान स्वतःच्या विधानांची परीक्षा कशी घेते, हे अशाच इतिहासातून स्पष्ट होते.

मूत्राशयाच्या कर्करोगातील दर्शक प्रथिनांचा शोध हा अशा इतिहासाचा एक ठळक नमुना होय. या रोगाच्या नव्याने निदान झालेल्या रुग्णांपैकी सुमारे पाव रुग्णांमध्ये गाठ मूत्राशयाच्या स्नायूत शिरलेली असते. अशा रुग्णापुढे पडणारा प्रश्न कठीण असतो. मूत्राशय काढून टाकल्यास मूत्रविसर्जनाची नैसर्गिक व्यवस्था कायमची जाते. आणि ते राखून किरणोपचार घेतल्यास गाठ पूर्ण नष्ट होईल याची हमी नसते. गाठ नष्ट झाली नाही तर अखेरीस शस्त्रक्रिया करावीच लागते, आणि मधला मोलाचा काळ निसटलेला असतो. म्हणून ‘या रुग्णाची गाठ किरणांना दाद देईल काय?’ या प्रश्नाचे उत्तर आधीच मिळणे हे रुग्णाच्या दृष्टीने जीवनमरणाइतके महत्त्वाचे आहे.

या उत्तराचा शोध कोणत्या वैचारिक आणि तांत्रिक परिस्थितीत सुरू झाला, त्याला कोणती वळणे मिळाली आणि त्याच्या मर्यादा कशा उघड झाल्या, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे. विवेचनाचे स्वरूप ऐतिहासिक व विश्लेषणात्मक असून ते प्रसिद्ध झालेल्या संशोधनावर आधारलेले आहे.

१. पार्श्वभूमी : रंगांचे कारखाने आणि क्ष-किरण

या इतिहासाचा आरंभ १८९५ या वर्षापासून मानणे सोयीचे आहे. त्या वर्षी जर्मनीत परस्परांशी संबंध नसलेल्या दोन घटना घडल्या. फ्रँकफुर्ट येथील शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी फुक्सिन या रंगाच्या उत्पादनात काम करणाऱ्या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी आढळत असल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ८ नोव्हेंबर रोजी व्युर्ट्सबुर्ग येथे विल्हेल्म रंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. एका घटनेने रोगाच्या एका कारणाकडे बोट दाखविले, तर दुसरीने त्याच्या एका उपचाराचे दार उघडले.

रेन यांचे निरीक्षण सर्वमान्य होण्यास दीर्घ काळ लागला. विल्हेल्म ह्यूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३८ मध्ये बीटा-नॅफ्थिलअमाइन या रसायनामुळे कुत्र्यांच्या मूत्राशयात गाठी निर्माण होतात हे प्रयोगाने दाखविले; तर १९५४ मध्ये ब्रिटनमध्ये रॉबर्ट केस व त्यांच्या सहकाऱ्यांनी रंग-उद्योगातील कामगारांच्या नोंदी तपासून हा धोका आकडेवारीने सिद्ध केला. म्हणजे वैद्याच्या निरीक्षणापासून निर्विवाद पुराव्यापर्यंतचे अंतर कापण्यास सुमारे साठ वर्षे लागली. निरीक्षण आणि सिद्धता यांतील हे अंतर पुढे दर्शक प्रथिनांच्या बाबतीतही वेगळ्या रूपाने पुन्हा दिसते.

उपचाराच्या बाजूने पाहता, १८८७ मध्ये कोलोन येथे बर्नहार्ड बार्डेनहॉयर यांनी कर्करोगासाठी संपूर्ण मूत्राशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. रुग्ण वाचू शकला नाही. अशी शस्त्रक्रिया करताना मूत्राला बाहेर पडण्याचा पर्यायी मार्ग देणे हीच मुख्य अडचण होती. १९५० मध्ये अमेरिकेतील यूजीन ब्रिकर यांनी लहान आतड्याच्या तुकड्यातून मूत्रमार्ग तयार करण्याची पद्धत मांडली, त्यानंतर ही शस्त्रक्रिया व्यवहार्य झाली. दरम्यान १८९८ मध्ये क्युरी दाम्पत्याने रेडियमचा शोध लावला आणि १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी मूलद्रव्याचा उपचारासाठी वापर सुरू झाला. त्यामुळे शरीराच्या खोल भागातील गाठींपर्यंत पुरेसे किरण पोहोचविणे शक्य झाले.

२. शस्त्रक्रिया की किरणोपचार?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन्ही उपचार उपलब्ध झाले, तरी त्यांची थेट तुलना करणारा निर्णायक पुरावा मात्र निर्माण झाला नाही. याचे कारण केवळ वैज्ञानिक नव्हते. अवयव काढायचा की राखायचा, हा निर्णय चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक पद्धतीने व्हावा, यास रुग्ण सहजासहजी तयार होत नाहीत. आणि शल्यचिकित्सक व किरणोपचारतज्ज्ञ यांचीही आपापली मते ठाम असतात. ब्रिटनमध्ये ‘स्पेअर’ या नावाने अशी चाचणी योजली गेली. परंतु अडीच वर्षांत केवळ ४५ रुग्ण सहभागी झाल्याने ती थांबवावी लागली.

तरीही किरणोपचाराची परिणामकारकता वाढविण्याचे प्रयत्न चालू राहिले. अमेरिकेत विल्यम शिप्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये सिस्प्लॅटिन या औषधाची किरणोपचाराला जोड दिल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. ब्रिटनमधील ‘बीसी २००१’ या चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. ३६० रुग्णांच्या या चाचणीत किरणोपचारासोबत फ्ल्युरोयुरॅसिल व मायटोमायसिन-सी ही औषधे दिली असता, दोन वर्षांनंतर मूत्राशय व आसपासच्या भागात रोग न उलटलेल्यांचे प्रमाण ६७ टक्के होते. केवळ किरणोपचार घेतलेल्यांत ते ५४ टक्के होते. २०२३ मध्ये उत्तर अमेरिकेतील तीन केंद्रांतील ७२२ रुग्णांच्या तुलनात्मक अभ्यासात, योग्य निवड केलेल्या रुग्णांमध्ये दोन्ही उपचारांचे फळ सारखेच असल्याचे दिसून आले. तो अभ्यास यादृच्छिक चाचणीच्या स्वरूपाचा नव्हता, ही त्याची मर्यादा लक्षात ठेवावी लागते.

‘योग्य निवड केलेल्या’ या शब्दांतच सारा प्रश्न सामावलेला आहे. गाठीचा आकार, तिची संख्या, मूत्रपिंडावर आलेला ताण इत्यादी बाह्य लक्षणांवरून निवड करता येते. पण दोन बाह्यतः सारख्या गाठींपैकी एक विरून जाते आणि दुसरी टिकून राहते, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. ते उत्तर पेशीच्या आत शोधावे लागणार होते.

३. पेशीच्या आत पाहण्याची साधने

पेशीतील एखादे विशिष्ट प्रथिन सूक्ष्मदर्शकाखाली दिसू शकते, ही कल्पना अमेरिकेतील अल्बर्ट कून्स यांच्या कार्यातून साकार झाली. १९४१ मध्ये त्यांनी प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडून पदार्थाचे पेशीतील स्थान दाखविले. १९७५ मध्ये जॉर्ज कोहलर व सीझर मिल्स्टाईन यांनी एकाच प्रकारचे प्रतिपिंड हव्या त्या प्रमाणात निर्माण करण्याची पद्धत शोधली आणि या तंत्राला मोठे बळ मिळाले. या कार्यासाठी त्यांना १९८४ मध्ये नील्स येर्ने यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

यामुळे रोगनिदानाच्या प्रयोगशाळेत एक नवी शक्यता निर्माण झाली. उपचारापूर्वी काढलेला गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जतन केलेला असतो. त्याचा पातळ काप घ्यावा, त्यावर विशिष्ट प्रतिपिंड सोडावे, रंग उमटतो किंवा नाही हे पाहावे आणि त्यावरून प्रथिनाचे प्रमाण ठरवावे, अशी ही प्रक्रिया होती. ती स्वस्त होती आणि जुन्या रुग्णांच्या जतन केलेल्या नमुन्यांवरही करता येत होती. मात्र रंगाचा गडदपणा आणि रंगलेल्या पेशींचे प्रमाण यांची प्रतवारी माणसाच्या डोळ्यांनीच करावयाची होती.

येथे एक तात्त्विक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. एखादा दर्शक रोग किती गंभीर आहे एवढेच सांगतो; उपचार कोणताही असो, त्याचे भाकीत तेच राहते. दुसरा दर्शक मात्र अमुक उपचार अमुक रुग्णाला लागू पडेल की नाही हे सांगतो. निवडीसाठी दुसऱ्या प्रकारच्याच दर्शकाचा उपयोग होतो. त्यामुळे केवळ किरणोपचार घेतलेल्यांचा अभ्यास पुरेसा नसतो. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांमध्ये तोच दर्शक तसे भाकीत करीत नाही, हेही दाखवावे लागते. आरंभीच्या अनेक अभ्यासांत हा भेद पाळला गेला नव्हता.

४. पी-५३ : पहिली आशा

पी-५३ हे प्रथिन १९७९ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे ओळखले आणि १९८९ च्या सुमारास ते गाठींना आळा घालणारे प्रथिन असल्याचे स्पष्ट झाले. डीएनएला इजा झाली की हे प्रथिन पेशीचे विभाजन थांबविते अथवा पेशीला नष्ट होण्यास भाग पाडते. किरणोपचारही डीएनएला इजा करूनच पेशी मारतो. तेव्हा पी-५३ मध्ये बिघाड असलेली गाठ किरणांना दाद देणार नाही, हे अनुमान तर्काला धरूनच होते.

१९९४ मध्ये एस्रिग व त्यांच्या सहकाऱ्यांनी मूत्राशयाच्या कर्करोगात पेशीकेंद्रात पी-५३ साचले असल्यास रोग बळावण्याची शक्यता अधिक असते, असे दाखविले. हे रुग्ण शस्त्रक्रिया झालेले होते. त्यानंतर पी-५३, तसेच बीसीएल-२ यांसारख्या प्रथिनांवर किरणोपचाराच्या संदर्भात अनेक लहान अभ्यास झाले. परंतु त्यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळेनात. २००५ मध्ये नुरिया मालात्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी पी-५३ विषयीच्या ११७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत १०,००० हून अधिक रुग्णांचा समावेश होता. दहा वर्षांच्या संशोधनानंतरही या प्रथिनाच्या भाकीतक्षमतेबद्दल ठाम विधान करता येत नाही, असा त्यांचा निर्वाळा होता. प्रत्येक प्रयोगशाळेचे प्रतिपिंड, रंजनाची रीत आणि ‘होकारार्थी’ ठरविण्याची सीमारेषा वेगवेगळी असल्याने अभ्यासांची संख्या वाढूनही ज्ञानात त्या प्रमाणात भर पडली नव्हती.

२०११ मध्ये पी-५३ वर आधारलेल्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतर रसायनोपचार कोणाला द्यावा हे या प्रथिनावरून ठरविण्याचा तो प्रयत्न होता. ४९९ रुग्णांची तपासणी झाली, त्यांपैकी २७२ होकारार्थी ठरले आणि ११४ जणांची यादृच्छिक विभागणी करण्यात आली. अपेक्षित लाभ आढळला नाही. शिवाय प्रथिनाचे प्रमाण आणि रोग उलटणे यांचाही संबंध दिसला नाही. या चाचणीचा विषय किरणोपचार नव्हता. तथापि दर्शकाची खरी कसोटी पूर्वनियोजित चाचणीतच लागते, हा तिचा धडा सर्वांनाच लागू होता.

याच सुमारास, २००५ मध्ये, अमेरिकेतील चक्रवर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोपचार व सिस्प्लॅटिन घेतलेल्या ७३ रुग्णांच्या नमुन्यांत एचईआर-२ हे प्रथिन असल्यास गाठ पूर्ण विरण्याचे प्रमाण कमी, तर ईजीएफआर असल्यास परिणाम अधिक चांगला, असे निरीक्षण नोंदविले. त्याच वर्षी गाठींच्या दर्शकांवरील संशोधन कसे सादर करावे याविषयीचे ‘रिमार्क’ हे आंतरराष्ट्रीय निकष प्रसिद्ध झाले. क्षेत्रातील विस्कळीतपणाची ती एक प्रकारची जाहीर कबुलीच होती.

५. एमआरई-११ : दुसरी आशा

एमआरई-११ हे जनुक प्रथम यीस्टमध्ये ओळखले गेले. जपानमधील संशोधकांनी १९९३ मध्ये त्याचे वर्णन केले आणि पुढे मानवातही त्याचे प्रतिरूप आढळले. आरएडी-५० आणि एनबीएस-१ या दोन प्रथिनांच्या साथीने ते डीएनएच्या दोन्ही धाग्यांना पडलेला तुटवा हुडकते आणि दुरुस्तीच्या यंत्रणेला इशारा देते. किरणांमुळे पेशीला होणारी सर्वांत घातक इजा हीच होय.

२०१० मध्ये इंग्लंडमधील लीड्स येथील अनन्या चौधुरी, ॲन किल्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनएच्या इजेशी संबंधित अशा पाच प्रथिनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी एमआरई-११ या एकाच प्रथिनाने ठळक उत्तर दिले. किरणोपचार घेतलेल्या पहिल्या गटात हे प्रथिन कमी असलेल्यांपैकी ४३.१ टक्के, तर जास्त असलेल्यांपैकी ६८.७ टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर या रोगाने दगावलेले नव्हते. दुसऱ्या, स्वतंत्र गटातही हाच कल आढळला. विशेष म्हणजे शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांमध्ये असा संबंध आढळला नाही. उपचाराची निवड करण्यास उपयोगी पडणाऱ्या दर्शकाचे जे लक्षण वर सांगितले, ते येथे पूर्ण होत होते. प्रथिन जास्त असलेल्यांमध्ये तर किरणोपचाराचे फळ शस्त्रक्रियेहून सरस दिसले : ६९.९ टक्के विरुद्ध ५३.८ टक्के.

या निष्कर्षात एक विरोधाभास होता. दुरुस्ती करणारे प्रथिन कमी असेल तर किरणांनी झालेली इजा भरून निघू नये आणि गाठ अधिक लवकर नष्ट व्हावी, अशी साधी अपेक्षा होती. प्रत्यक्षात उलटेच दिसले. एमआरई-११ हे दुरुस्त करणारे तसेच इजेची वर्दी देणारेही असल्याने, ते नसल्यास पेशीला इजा ‘कळत’ नाही व ती मरणाच्या मार्गाला न लागता विभाजित होत राहते, असे एक स्पष्टीकरण संभवते. निष्कर्ष आधी आणि कारणमीमांसा नंतर, हा क्रम विज्ञानात निषिद्ध नाही. मात्र अशा वेळी पडताळणीची गरज अधिक असते.

२०१२ मध्ये डेन्मार्कमधील लॉरबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या रुग्णांमध्येही एमआरई-११ किरणोपचारानंतरच्या परिणामाचे भाकीत करते, असे दाखविले. दोन देशांतील अभ्यास एकाच दिशेने बोलू लागले. एका साध्या रंजनचाचणीवरून मूत्राशय राखायचे की काढायचे हे ठरविता येईल, ही कल्पना आता स्वप्नरंजन वाटत नव्हती.

६. पडताळणीची कसोटी

पुढचा टप्पा प्रयोगशाळेतील चाचणी रुग्णालयाच्या नित्यवापरात आणण्याचा होता. ‘बीकॉन’ आणि ‘बीसी २००१’ या दोन मोठ्या यादृच्छिक चाचण्यांतील रुग्णांचे नमुने त्यासाठी उपलब्ध होते. स्वयंचलित यंत्राने रंजन करण्यात आले आणि ब्रिटनमधील तीन केंद्रांत नमुन्यांची प्रतवारी झाली. ती एकसारखी व्हावी म्हणून नमुनाचित्रांचे तक्ते आणि लेखी कार्यपद्धती टप्प्याटप्प्याने तयार करण्यात आली.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष निराशाजनक होते. केंद्राकेंद्रांतील प्रतवारीचा मेळ दाखविणारा कप्पा हा निर्देशांक केवळ ०.३२ भरला. पूर्ण मेळ असल्यास तो १ असतो आणि निव्वळ योगायोगाइतकाच मेळ असल्यास ०. ‘बीकॉन’मधील १३२ आणि ‘बीसी २००१’मधील २२१ नमुन्यांत एमआरई-११ आणि रुग्णाचे जगणे यांचा अर्थपूर्ण संबंध आढळला नाही. रंजनाची पद्धत पुन्हा सुधारल्यावर प्रतवारीचा मेळ वाढला, परंतु भाकीतक्षमता परत आली नाही. डोळ्यांनी केलेली प्रतवारी हा विश्वासार्ह दर्शक ठरत नाही, असे संशोधकांनी स्पष्टपणे लिहिले.

ज्या गटाने २०१० मध्ये या प्रथिनाचे महत्त्व मांडले, त्याच गटाशी संबंधित संशोधकांनी ही कठोर तपासणी केली आणि तिचा प्रतिकूल निकाल प्रसिद्धही केला, ही गोष्ट या इतिहासात विशेष नोंद घेण्याजोगी आहे. अनुकूल निष्कर्ष छापले जातात आणि प्रतिकूल निष्कर्ष कपाटात राहतात, अशी संशोधनविश्वाबद्दलची तक्रार जुनी आहे. तसे येथे घडले असते, तर एका अस्थिर मोजमापावर विसंबून काही रुग्णांनी मूत्राशय गमावले असते आणि काहींनी चुकीच्या आशेने ते राखले असते.

मात्र कथा येथेच संपत नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतील मॅग्लिओको व त्यांच्या सहकाऱ्यांनी मूत्राशय राखण्याच्या सहा चाचण्यांतील १३५ रुग्णांचे नमुने संगणकाच्या साहाय्याने मोजले. पेशीकेंद्रातील आणि पेशीद्रव्यातील एमआरई-११ यांचे गुणोत्तर त्यांनी विचारात घेतले. हे गुणोत्तर कमी असलेल्या रुग्णांमध्ये चार वर्षांत या रोगाने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण ४१ टक्के, तर जास्त असलेल्यांत २१ टक्के होते. म्हणजे मूळ कल्पनेत तथ्य असू शकते. प्रश्न मोजणाऱ्या डोळ्याचा असू शकतो. परंतु या निष्कर्षालाही स्वतंत्र पडताळणीच्या कसोटीला उतरावे लागेल.

७. प्राणवायूची वाट

दर्शकांच्या शोधाला एक समांतर प्रवाहही होता. १९५३ मध्ये लुई हॅरॉल्ड ग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राणवायू कमी असलेल्या पेशी किरणांना कमी दाद देतात हे ठामपणे मांडले. किरणमात्रेचे ‘ग्रे’ हे एकक त्यांच्याच नावाने आहे. ‘बीकॉन’ चाचणी याच तत्त्वावर उभी होती. ३३३ रुग्णांच्या या चाचणीत किरणोपचाराच्या वेळी कार्बोजेन हा प्राणवायूयुक्त वायू आणि निकोटिनामाइड हे जीवनसत्त्व देण्यात आले. २०१० मधील निष्कर्षानुसार तीन वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण ५९ टक्के होते. केवळ किरणोपचाराच्या गटात ते ४६ टक्के होते.

हा लाभ कोणाला होतो हे शोधताना गाठीतील मृत पेशींचे भाग आणि एचआयएफ-१ अल्फा हे प्राणवायूच्या उणिवेत वाढणारे प्रथिन यांचा संबंध दिसून आला. येथे दर्शकाची परीक्षा यादृच्छिक चाचणीच्या नमुन्यांवर झाली आणि कार्यकारणभावाची कल्पना आधीपासून स्पष्ट होती, म्हणून हा पुरावा अधिक भक्कम पायावर उभा राहिला. पुढे एकेका प्रथिनाऐवजी अनेक जनुकांच्या एकत्रित मापनाकडे संशोधक वळले.

८. अन्वयार्थ

या इतिहासातून तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, तर्कशुद्ध कल्पना आणि सत्य यांत अंतर असते. पी-५३ विषयीचे अनुमान तर्काला धरून होते, तरी ते टिकले नाही. एमआरई-११ चा निष्कर्ष तर्काच्या उलट होता, तरी तो पहिल्या दोन कसोट्यांना उतरला. दुसरी, अभ्यासांची संख्या हा पुराव्याच्या गुणवत्तेला पर्याय नव्हे. ११७ अभ्यासांनी जे ठरले नाही, ते एका नियोजित चाचणीने बरेचसे स्पष्ट केले. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. मोजमाप हा संशोधनाचा दुय्यम, तांत्रिक भाग नसून त्याचा पाया आहे. एकच काच पाहणारे दोन तज्ज्ञ भिन्न आकडा देत असतील, तर त्या आकड्यावर उभारलेली संख्याशास्त्रीय इमारत कितीही डौलदार असली तरी व्यर्थ ठरते. हा धडा केवळ वैद्यकापुरता नाही. प्रश्नावलीतील प्रतिसादांची प्रतवारी करणारा समाजशास्त्रज्ञ आणि उत्तरपत्रिका तपासणारा परीक्षक यांनाही तो लागू पडतो.

निष्कर्ष

मूत्राशयाच्या कर्करोगात किरणोपचाराच्या यशाचे भाकीत करणाऱ्या प्रथिनांचा शोध गेली तीस वर्षे चालू आहे. आजही नित्याच्या उपचारनिवडीत अशा एकाही प्रथिनाला सर्वमान्य स्थान मिळालेले नाही. तथापि या प्रयत्नांना निष्फळ म्हणता येणार नाही. त्यांनी रोगाची तीव्रता सांगणारे आणि उपचाराची निवड सांगणारे दर्शक यांतील भेद रुजविला, सादरीकरणाचे निकष घडविले आणि मापनाच्या विश्वासार्हतेचा प्रश्न ऐरणीवर आणला. रेन यांच्या निरीक्षणाला सिद्धतेपर्यंत पोहोचण्यास सुमारे साठ वर्षे लागली होती. त्या मानाने दर्शक प्रथिनांचा इतिहास अद्याप तरुण आहे. तोपर्यंत मूत्राशय राखायचे की काढायचे हा निर्णय रुग्णाने आणि त्याच्या वैद्यांनी उपलब्ध पुराव्याच्या मर्यादा जाणून, एकत्र विचाराने घेणे हाच विवेकाचा मार्ग होय.